दिवेलागणीचा दाब

एखाद्या कंपनीची तब्येत ठणठणीत आहे असे माणसाने सांगितले, तर ऐकणारा दहा शंका काढतो. तेच यंत्राने सांगितले की तो निवांत झोपतो. वैजयंती कुलथेचा पगार लोकांच्या या झोपेतून निघत असे. पुण्यातल्या 'पारख' या मानांकन संस्थेत ती ज्येष्ठ विश्लेषक होती. म्हणजे टेबलावरची पाटी तसे म्हणत होती. विश्लेषण 'नाडी' करायची आणि वैजयंती खाली सही करायची.

पूर्वीचा रिवाज वेगळा होता. वर्षातून एकदा कंपनीत जायचे, चहा प्यायचा, ताळेबंद चाळायचा, अधिकाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या आणि मग ठरवायचे, हिला कर्ज देणे सुरक्षित की धोक्याचे. नाडीला वर्षभर थांबायची गरज नव्हती. कंपनीच्या खात्यातली आवकजावक, बाजारभाव, बातम्या, सरकारी संकेतस्थळे, एवढेच काय, लोकांच्या उघड गप्पासुद्धा ती सतत वाचायची आणि तासातासाला नवा दर्जा जाहीर करायची. सावकारांनी मग कर्जाचे करारच त्या दर्जाला बांधून टाकले. दर्जा घसरला की त्याच क्षणी व्याज चढायचे. फारच घसरला, तर 'वसुली' नावाचा सावकारांचा प्रोग्रॅम कंपनीचा कारभार हातात घ्यायचा आणि मिळेल तेवढा पैसा मिळेल तिथून काढायचा. मध्ये कुठे माणूस नाही, म्हणून सगळ्यांना ते फार न्याय्य वाटायचे.

कायद्याने माणसासाठी दोन गोष्टी तेवढ्या शिल्लक ठेवल्या होत्या. एक, वर्षातून एकदा समोरासमोर भेट. दुसरी, विश्लेषकाने स्वतःच्या सहीने दर्जा काही दिवस रोखून धरण्याचा हक्क. हा दुसरा हक्क आजवर कोणी वापरला नव्हता. यंत्राला खोटे ठरवून आपली नोकरी कोण पणाला लावणार?

तर त्या वर्षी 'सह्यवाहिनी'ची भेट होती.

सह्यवाहिनी ही वायू वाहून नेणारी कंपनी. ना विहिरीची मालकीण, ना चुलीची. किनाऱ्यावर वायू ताब्यात घ्यायचा, जमिनीखालच्या नळीतून घाट चढवून पठारावर आणायचा आणि वीजकेंद्रांच्या, कारखान्यांच्या, शहरांच्या दारात सोडायचा. मधला हमाल. अशा कंपनीची तब्येत बघणे एरवी सोपे असते, कारण हमाली सरकारने बांधून दिलेली असते आणि गिऱ्हाईक वायू घेवो न घेवो, ठरलेली हमाली देतेच. उत्पन्न फार वाढत नाही, फार घटतही नाही.

पण सह्यवाहिनीचे उत्पन्न तीन वर्षे चढतच होते. हमाली तीच, नळी तीच, गिऱ्हाइके तीच, आणि नफा मात्र गोकुळाष्टमीच्या गोविंदासारखा थरावर थर चढवत निघालेला.

"कुठून येतो हा पैसा, सर?" वैजयंतीने विचारले.

समोर अच्युत सबनीस बसले होते, सह्यवाहिनीचे वित्तप्रमुख. एकेकाळी पारखमध्ये वैजयंतीचे पहिले साहेब. पैसा किती आला ते कारकूनही मोजेल, तू कुठून आला ते विचारत जा, हे त्यांनीच तिला शिकवले होते. आपला प्रश्न आपल्यालाच परत आलेला पाहून ते खुशीत हसले.

"शाब्बास. नाडीने हे कधी विचारलं नाही. तिला पैसा दिसला की पुरे. अगं, आम्ही दाब विकतो."

"म्हणजे?"

"नळी ही नुसती वाट नाही, कोठीपण आहे. दुपारी ऊन फुकट, सौरवीज फुकट, त्यामुळे वायूला कुत्रं विचारत नाही. तेव्हा आम्ही तो स्वस्तात घेतो आणि नळीत ठासून भरतो. दाब चढतो. दिवेलागणीला सूर्य बुडाला, सौरवीज संपली, की वायूवरची वीजकेंद्रं एकदम बोंब मारतात. भाव चौपट. तेव्हा आम्ही भरलेला माल सोडतो. दाब उतरतो. रोज चढवायचा, रोज उतरवायचा. एक पैशाची नवी नळी न टाकता."

वैजयंतीला मनापासून कौतुक वाटले. गुरू अजून गुरूच होता. मग तिने सहज विचारले, "नळीला चालतं ते?"

"ते तुमच्या नाडीला विचार. ती चोवीस तास कान लावून बसलीये. तिनेच तर डबल ए दर्जा दिलाय."

आणि तो विषय तिथेच संपायला हवा होता. पण ती नळी घाट चढून आल्यावर पिंपळवाट नावाच्या गावातून जात होती, आणि पिंपळवाटेत वैजयंतीची थोरली बहीण राहत होती.

पिंपळवाटकरांचे नळीशी नाते फार जिव्हाळ्याचे होते. गावाच्या अंगाखालून नळी नेऊ दिली म्हणून कंपनी घरटी दरमहा पैसे द्यायची. कागदावर त्याला काहीतरी लांबलचक नाव होते, गावात मात्र त्याला 'नळीचं भाडं' म्हणत. त्या भाड्यावर कोणाचा दवाखाना चालायचा, कोणाचे शिक्षण. अक्काच्या मुलीची, मुक्ताची, मेडिकलची फी त्यातूनच जायची. गावातले एखादे लग्न जमवताना मुलाला 'नळीचं आहे का' हे विचारले जायचे.

संस्थेत परत आल्यावर वैजयंतीने तन्वीर काझीला गाठले. तन्वीर धातुशास्त्र शिकलेला, नाडीचे कान तयार करणाऱ्यांपैकी एक. चहाच्या यंत्रापाशी तिने त्याला दाबाची गोष्ट सांगितली आणि त्याचा कप तोंडाशीच थांबला.

"रोज? मॅडम, त्या नळीत आता नुसता नैसर्गिक वायू नाही. त्यात हायड्रोजन मिसळतात."

"मग?"

"हायड्रोजनचा अणू सगळ्यात लहान. तो पोलादात शिरतो. शिरला की पोलाद ठिसूळ होतं, वाकायचं सोडून चिरायला लागतं. नुसता दाब असेल तर नळी वर्षानुवर्षं टिकेल. पण दाब वर-खाली, वर-खाली केला ना..." त्याने टेबलावरची एक पेपरक्लिप उचलली, सरळ केली आणि इकडून तिकडे वाकवू लागला. थोड्या वेळाने ती तुटली. "असं. हायड्रोजन असेल तर हे कितीतरी पट लवकर होतं. आणि भेग एका लांबीपुढे गेली की नळी गळत नाही, उसवते. शिवण उसवावी तशी, एका दमात."

"पण भेग वाढताना नाडीला कळेल ना?"

"कळायलाच हवं. नळीसोबत जमिनीत काचेची बारीक तार पुरलीये. तिच्यातून आपण प्रकाशाचे स्पंद सोडतो. वाटेतल्या प्रत्येक बिंदूवरून थोडा थोडा प्रकाश परत येतो. जमीन जरा जरी हलली तरी काच ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. कोण चाललं, ट्रॅक्टर गेला, बोअर चालू झाली, सगळं ऐकू येतं. भेग वाढली की टिक् असा आवाज होतो. बारीक, पण स्वच्छ."

"आणि असे आवाज नाहीत?"

"एकही नाही," तन्वीर म्हणाला. पण आता त्याच्या कपाळावर आठी होती. "दाब इतका हलतोय आणि एकही नाही, हे जरा जास्तच चांगलं आहे."

वैजयंती आपल्या टेबलाशी गेली. तिने अक्काला फोन लावला. काही विचारायचे नव्हते, नुसता आवाज ऐकायचा होता.

"आज कशी आठवण झाली बाईसाहेबांना?" अक्काने सुरुवात केली. "बरं झालं, मीच लावणार होते. गुरुवारी कळसारोहण आहे. तू यायचंस. सबब सांगायची नाही."

"कसलं कळसारोहण?"

"अगं, भैरोबाचं! देवळाचा जीर्णोद्धार काढला नव्हता का? पार पाया खणून नवं बांधलं. पाडव्यापासून देव शाळेत आहेत. तिकडे वेशीबाहेर कोण जातंय रोज आरतीला? गुरव एकटा घंटी हलवतो न् येतो. आता गुरुवारपासून परत आपल्या परड्यामागे झांजा. कान तरसलेत बघ."

"वैजे? आहेस ना?" अक्काने दोनदा विचारले, तेव्हा ती कशीबशी हो म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिला जे आठवले होते ते असे. तीन वर्षांपूर्वी नाडीचे कान नवे होते. कुठला आवाज कशाचा हे माणसांनी ऐकून सांगायचे आणि यंत्राने शिकायचे, असे काम चालले होते. पिंपळवाटेच्या तुकड्यात रोज संध्याकाळी एक आवाज यायचा. धातूचा, तुटक, चढत जाणारा. बंगळुरूहून आलेले तज्ज्ञ गोंधळले होते, कारण हा आवाज घड्याळाप्रमाणे येत नव्हता. उन्हाळ्यात उशिरा यायचा, थंडीत लवकर. यंत्र अशी वेळ पाळत नाही, माणूसही पाळत नाही, मग हे काय? तेव्हा वैजयंती हसली होती. म्हणाली होती, "अहो, आरती आहे ती! भैरोबाच्या झांजा. दिवेलागणीची आरती घड्याळ बघून करत नाहीत, सूर्य बघून करतात. माझ्या बहिणीचं घर तिथेच आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. यंत्राला जे कळले नाही, बंगळुरूला जे कळले नाही, ते आपल्या मराठी बाईला कळले म्हणून. आवाजाला नाव पडले, 'आरती'. आणि नाडी ते इमानाने शिकली.

आरती होतीच, त्यात खोटे काही नव्हते. पण सूर्य बघून आणखी एक गोष्ट व्हायची. सूर्य बुडाला की वायूचा भाव चढायचा आणि सह्यवाहिनी दाब उतरवायची.

"तन्वीर," ती त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "पिंपळवाटेला पाडव्यानंतरची 'आरती' ऐकव."

त्याने लावली. आवाज स्वच्छ होता. टिक्, टिक्टिक्, टिक्. झांजा नव्हत्या, घंटा नव्हती. नाडीने त्याखाली लिहिले होते, आरती, दुर्लक्ष करावे.

"तिथे पाडव्यापासून आरतीच होत नाहीये," वैजयंती म्हणाली.

तन्वीरने नकाशावरून 'आरती'ची खूण काढून टाकली. यंत्र हुशार असते. एका गावात शिकलेले ते सगळीकडे लावते. दिवेलागणीला टिकटिकणारे जे जे म्हणून होते, ते सगळे त्याने आरती धरले होते, आणि देऊळ नसलेले गाव महाराष्ट्रात कुठे सापडणार, त्यामुळे कोणाला शंकाही आली नव्हती. आता खूण निघाली तशी घाटमाथ्यावरची नळी ठिकठिकाणी लाल झाली. सगळ्यात गडद डाग पिंपळवाटेखाली होता. तन्वीर बराच वेळ आकडेमोड करत बसला. मग त्याने चष्मा काढला.

"किती दिवस?" वैजयंतीने विचारले.

"किती संध्याकाळी ते विचारा मॅडम, दिवस नका विचारू. अजून काही संध्याकाळी. गुरुवार निघेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

तिने तन्वीरला ही लाल खूण नाडीकडे अजून पाठवू दिली नाही. आधी ती सबनिसांकडे धावली. धावली म्हणजे खरेच धावली; लिफ्टची वाट न बघता जिन्याने.

सबनिसांनी सगळे ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण आवाज शांत होता. तीस वर्षे आकड्यांत काढलेला माणूस.

"सर, आजच्या आज दाब हलवणं बंद करा."

"बंद केलं तर काय होईल, सांग बरं. तू विश्लेषक आहेस."

तिने डोक्यात हिशेब मांडला. दाब हलवणे थांबले की संध्याकाळचा पैसा थांबणार. तासाभरात नाडीला कळणार. दर्जा कोसळणार. कोसळला की वसुली कारभार हातात घेणार. आणि वसुलीला सगळ्यात पटकन पैसा कुठे दिसणार? नळीतच. ती दुपारी आणखी ठासून भरणार आणि संध्याकाळी आणखी ओरबाडणार.

"तिला गाव कळत नाही," सबनीस म्हणाले. "तिला फक्त रोकड कळते."

"मग मी भेगांचा अहवालच जाहीर करते. सुरक्षा कार्यालयात तक्रार देते."

"तक्रार नोंदवली की ती त्याच क्षणी संकेतस्थळावर. नाडी वाचणार, वसुली वाचणार. कार्यालयाची नोटीस यायला आठवडा. तोवरच्या सगळ्या संध्याकाळी वसुलीच्या हातात. खरं बोललीस तर नळी लवकर फुटेल, वैजयंती. गप्प बसलीस तर उशिरा."

तिला ओरडावेसे वाटले. ज्या कंपनीची तब्येत ठणठणीत म्हणून तिने सह्या केल्या, ती तब्येत त्या भेगांमधूनच आली होती. नळी जितकी चिरत होती, तितकी कंपनी धष्टपुष्ट होत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारले.

"नाही." मग थांबून ते म्हणाले, "विचारलं नाही. नाडी काही बोलत नव्हती ना."

खिडकीबाहेर ऊन उतरत होते. शेवटी सबनिसांनीच तो मार्ग सांगितला, तिच्याकडे न बघता. कायद्यात एक तळरेषा होती. नळीतला दाब त्या रेषेखाली गेला, की नळी उघडून तपासल्याशिवाय तो पुन्हा चढवायला बंदी. सरकारी झडपा आपोआप बंद होतात, वसुलीलाही त्या उघडता येत नाहीत. आणि दाब तेवढा उतरला की भेग असली तरी ती धावत नाही. पण एकदम उतरवला तर गिऱ्हाइकांचा पुरवठा तुटेल आणि वसुली झडप घालेल. हळूहळू, हंगामी दुरुस्ती असल्यासारखा, गुरुवार संध्याकाळपर्यंत उतरवावा लागेल. तेवढे दिवस दर्जा कोणीतरी रोखून धरायला हवा.

"सहीने," वैजयंती म्हणाली.

"आणि कारण लिहावं लागतं. खरं कारण लिहिलंस तर..."

"वसुली वाचेल. म्हणजे मी खोटं लिहायचं. कंपनी सुदृढ आहे, उत्पन्नातली घट तात्पुरती आहे, माझी खात्री आहे."

"हा गुन्हा आहे. मी तुला तो करायला सांगत नाहीये."

"सांगताय, सर," ती म्हणाली. "फक्त शब्द जपून वापरताय."

तिने त्या संध्याकाळी अक्काला पुन्हा फोन केला आणि भावोजींना घेऊन लगेच पुण्याला ये म्हणाली. अक्का हसायला लागली. "कळसारोहण सोडून? वेडी की काय? मांडव पडलाय देवळामागे, पंचक्रोशी जेवायला यायचीय. मी पुरणाच्या बायकांत आहे." देवळामागची ती मोकळी पट्टी नळीचीच होती, तिच्यावर मांडव घालायला बंदी होती आणि सगळे गाव तिथेच मांडव घालायचे. वैजयंतीने खूप विनवले. कारण मात्र सांगता येईना. अक्काला सांगितले तर भावोजींना कळणार, भावोजींकडून चावडीवर, चावडीवरून सगळ्यांच्या मोबाइलवर, आणि मोबाइलवर गेले की नाडी ऐकणार. शेवटी अक्का रागावली. "तुला यायचं नाही ते सांग ना सरळ," म्हणाली आणि तिने फोन आपटला.

वैजयंतीने सही केली. खाली कारण तिने एकही शब्द न खोडता लिहिले. वीस वर्षे खरे बोलण्याचा पगार घेतलेली बाई इतक्या सफाईने खोटे लिहू शकते, हे तिला ठाऊक नव्हते. पण सबनिसांच्या शब्दावर मात्र ती विसंबली नाही. रजा टाकून ती त्यांच्या नियंत्रण कक्षात जाऊन बसली आणि उठली नाही.

ते दिवस कसे गेले हे तिला नंतर नीट सांगता आले नाही. पडद्यावर एक रेघ होती, दाबाची. ती मुंगीच्या पावलांनी उतरत होती. नाडी दर तासाला ओरडत होती की दर्जा पाडा, आणि दर तासाला वैजयंतीची सही आडवी येत होती. पारखमधून आधी विचारणा आली, मग ताकीद, मग निलंबनाची धमकी. तन्वीर तिकडून टिकटिक मोजून कळवत होता. कमी झालीय मॅडम. आज परत थोडी झाली. ती जेवत नव्हती. कोणी डबा पुढे केला तर झाकण उघडून बसायची.

गुरुवारी दुपारी सबनीस खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

"वैजयंती, आज व्याजाचा हप्ता आहे. खात्यात नाही. हप्ता चुकला तर तुझी सहीसुद्धा चालणार नाही, वसुली सरळ आत येईल. रेषा गाठायला रात्र होईल."

"मग?"

"आज एकच संध्याकाळ. थोडाच चढवायचा, थोडाच उतरवायचा. हप्ता निघून जाईल. कंपनी वाचेल गं. तीन हजार माणसं आहेत. पिंपळवाटेचं भाडं वाचेल. उद्यापासून परत हळूहळू उतरवू."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते ढोंग नव्हते. ऑपरेटर त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता. वैजयंतीला क्षणभर, अगदी एकच क्षण, त्यांचे पटले. तन्वीरचा हिशेब चुकलेला असू शकतो. आजवर इतक्या संध्याकाळी निघाल्या, आणखी एक निघेल. मुक्ताचे एकच वर्ष राहिलेले. तिने मनातल्या मनात हो म्हणून पाहिले आणि तिला मांडव दिसला.

तिने मोबाइल काढून अक्काचा नंबर लावला आणि तो सबनिसांच्या हातात दिला.

"माझी बहीण आहे. पुरणपोळ्या लाटतीये, नळीच्या डोक्यावर. तिला सांगा, आज एकच संध्याकाळ. मग चढवा दाब."

पलीकडून अक्काचा आवाज आला, मागे बायकांचा कल्ला. "हॅलो? कोण? हॅलो, मोठ्याने बोला, इथं ऐकू येत नाही!"

सबनिसांनी फोन कानाशी धरला. अक्का दोनतीनदा हॅलो म्हणाली. त्यांनी फोन खाली ठेवला आणि ऑपरेटरला म्हणाले, "सोडून द्या. रेषा आता जवळ आहे. सगळ्या झडपा उघडा, वायू हवेत जाऊ दे. एकदम."

पुरवठा तुटला तसा वसुलीचा लाल चौकोन पडद्यावर उमटला. दाब पुन्हा चढवायला वसुलीने कॉम्प्रेसर चालवायचा हुकूम सोडला. रेघ थबकली. थरथरली. वैजयंतीने डोळे मिटले नाहीत. मिटायला हवेत हे तिला सुचलेच नाही. मग रेघ तळरेषेखाली उतरली आणि सरकारी झडपा एकामागून एक बंद झाल्या. घाटमाथ्यावरची नळी त्या संध्याकाळी मुकी झाली. पिंपळवाटेत कळस चढला.

सह्यवाहिनी महिनाभरात बुडाली. वैजयंतीची नोकरी गेली, परवाना गेला, आणि खोट्या प्रमाणपत्राबद्दल खटला उभा राहिला. चौकशी समितीपुढे तिने सगळे खरे सांगितले. समितीतला एक सभ्य गृहस्थ शांतपणे म्हणाला, "बाई, तीन वर्षांपूर्वी हा आवाज आरतीचा म्हणून तुम्हीच लिहून दिलंत. आता तोच भेगांचा म्हणता. त्यातलं खोटं कुठलं?" तन्वीरने आकडे मांडले, तर ते तिच्याच सांगण्यावरून काढलेले ठरले. नळी खणून बघा, ती हात जोडून म्हणाली. खणायला पैसा लागतो. बुडालेल्या कंपनीची नळी कोण खणणार? आणि तपासल्याशिवाय दाब चढवायचा नाही, म्हणून ती तशीच रिकामी पडून राहिली. भेगा खऱ्या होत्या हे सिद्ध करायला ती फुटायला हवी होती.

अक्काचा फोन दिवाळीनंतर आला. बरेच दिवस तिने वैजयंतीचे फोन उचललेच नव्हते.

"मुक्ताला घरी आणलं," अक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग संपून जे उरते ते होते. "भाडं बंद, फी कुठनं भरू? कॉलेजनं नाव काढलं. तुझे भावोजी बोलत नाहीत कोणाशी. आख्खं गाव मला विचारतंय, तुमच्या बहिणीनं असं का केलं. मी काय सांगू, वैजे?"

"अक्का, नळी फुटणार होती."

"फुटली का?"

"नाही."

"मग?"

पलीकडे अंगणात माणसे जमली असावीत. फोन कोणीतरी अक्काच्या हातातून ओढून घेतला. ते भावोजी होते. ते जे बोलले ते त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते. मग फोन शेजारच्या आत्याबाईंकडे गेला, त्यांचा दवाखाना बंद झाला होता. मग गुरवाकडे. मग एका तरुण पोराने घेतला, त्याचे लग्न मोडले होते, त्याने आईवरून शिवी दिली. मग मुक्ता आली आणि काहीच बोलली नाही, नुसता तिचा श्वास ऐकू आला, आणि तो सगळ्यांत वाईट होता. वैजयंती भिंतीला टेकून खाली बसली होती, गाल ओले, फोन कानाशी घट्ट. ती एकेकाला हो म्हणत होती आणि मनात मोजत होती, हे त्या दिवशी मांडवात होते, याही होत्या. हो काका. हो आत्याबाई. हो बाळा.

शेवटी अक्का परत आली. "ठेवते," म्हणाली.

"नको ठेवूस," वैजयंती घाईने म्हणाली. "अजून कोण कोण आहेत तिथे? त्यांनाही दे ना."